एझ्रा अंकल चपला मोजतात

आमच्यातलं एखादं कुटुंब इस्रायलला जायला निघालं की आपलं सामान मागे राहणाऱ्यांत वाटून टाकतं. कुणाच्या वाट्याला टेबलफॅन येतो, कुणाच्या वाट्याला पाटा-वरवंटा, आणि त्या घराचे किस्से मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतात. आमच्या घरात तीन प्रेशर कुकर झाले आहेत. यावरून किस्से किती साठले असतील ते बघा.

माणसं कमी झाली तसा आमच्यात संशयही वाढला. हा कधी जाणार, असं जो तो दुसऱ्याबद्दल मनात धरून असतो. आणि एखादा जायचं नावच काढत नसेल तर मग हा का जात नाही, असा संशय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शाळेत माझं नाव रिबका पेणकर असं वाचलं की नव्या बाई दर वर्षी थांबतात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. घाटकोपरला एका पिठाच्या चक्कीमागे, इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथे आम्ही शनिवारी प्रार्थनेला जमतो. बाहेरची खोली पुरुषांची, आतली बायकांची, मधे पडदा. आतल्या खोलीच्या खिडकीला वरून अर्ध्यापर्यंत पत्रा मारलेला आहे. त्यामुळे बाहेरच्या ओट्यावर येणाऱ्या माणसाचं फक्त गुडघ्याखालचं दिसतं. मला ते बरं पडतं. चेहऱ्याकडे बघायचं म्हटलं की माझी मान खाली जाते. चपलांकडे कितीही वेळ बघितलं तरी कुणी काही म्हणत नाही.

यातले बरेच किस्से त्या खिडकीतले.

*

आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर काही भाग म्हणताच येत नाहीत. त्यातला मुख्य म्हणजे कादिश. आईवडील गेले की मुलगा वर्षभर म्हणतो ती प्रार्थना. आणि जमलेली माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत, असाही आमच्यात रिवाज आहे. एझ्रा अंकलनी त्यावर स्वतःचा उपाय काढला. ते काठी टेकत दारात उभे राहतात आणि ओट्यावरच्या चपला मोजतात.

एझ्रा अंकलकडे प्रार्थनेच्या खोल्यांची किल्ली असते. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते तयार माल तपासायचे. रिटायर झाले तरी कारखान्यातले काळे बूट अजून वापरतात, पुढे लोखंडी टोपी असलेले. ते गल्लीच्या तोंडाशी आले की आम्हाला आत ऐकू येतं.

एका शनिवारी चपला भरल्या, प्रार्थना झाली, कादिश झाला. शेवटी चक्कीवाला दारातून डोकावून म्हणाला, "मेरी चप्पल इधरही है ना?" अंगावरचं पीठ चपलांवर सांडतं म्हणून तो त्या आमच्या ओट्यावर काढून ठेवतो. म्हणजे माणसं नऊच होती. वाद सुरू झाला, म्हटलेलं वरपर्यंत पोचलं की नाही. बेंजामिन अंकल म्हणाले, देव काही चपला बघत बसत नाही.

"तो बघत नाही म्हणूनच मला बघाव्या लागतात," एझ्रा अंकल म्हणाले.

त्या दिवसापासून ते चपला नुसत्या मोजत नाहीत, तपासतात.

*

बेंजामिन अंकल विक्रोळीला राहतात. शनिवारी वाहनात बसायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही, हा नियम. बेंजामिन अंकलनी बसचा पास काढला, म्हणजे पैशाला हात लावायला नको. राहिला वाहनाचा प्रश्न. तर ते दोन स्टॉप आधी उतरायचे आणि तिथून चालत यायचे. आम्ही राहतो त्या इमारतीखालीच तो स्टॉप आहे, म्हणून मला माहीत.

"चालत आलास?" एझ्रा अंकल विचारायचे.

"चालतच आलो," बेंजामिन अंकल म्हणायचे. यात खोटं काही नव्हतं. कुठून, ते विचारलेलं नव्हतं.

पण एझ्रा अंकलनी एकदा त्यांचा सँडल काठीने उलटा केला. तळ बघितला आणि म्हणाले, "हायवेला हल्ली फारच झाडू मारतात वाटतं."

पुढच्या शनिवारी बेंजामिन अंकल स्टॉपवर उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि नाल्याच्या कडेला जाऊन दोन्ही सँडल मन लावून चिखलात घोळवले. एझ्रा अंकलनी तेही सँडल उलटे केले. बराच वेळ बघितलं. ते मे महिन्याचे दिवस होते.

*

एझ्रा अंकल परक्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. आमच्याकडे जेवायचे, पण आमच्याकडचं काय कुणाच्या हातचं आहे ते विचारून. एकदा आमच्या शेजारच्या राणे काकूंनी वालाचं बिरडं आणून दिलं. आम्हाला कोळंबी चालत नाही हे काकूंना आमच्या आईपेक्षा जास्त लक्षात असतं. तरी एझ्रा अंकलनी वाटी नाकाशी धरली आणि यात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, नाहीत ना, असं काकूंनाच विचारलं.

राणे काका गिरणीत होते. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नव्हती.

काकू म्हणाल्या, "सोड्यांचो भाव ठावक आसा? गिरण बंद पडल्यापासून आमच्या आमटीत सोडे नाय, ते तुमच्या वालात खंयसून घालतलंय?"

एझ्रा अंकलनी वाटी पुसून खाल्ली. पण पहिला घास घेताना डोळे मिटले होते. चव घ्यायला की क्षमा मागायला, ते कळलं नाही.

*

एझ्रा अंकल स्वतः एकदा इस्रायलला गेले होते. कायमचे म्हणून गेले आणि परत आले. तिथे त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना बसवून विचारलं, तुझी आई कोण? तिची आई कोण? ती यहुदीच होती कशावरून? तुम्ही कोकणातली माणसं, तुमचं काय सांगावं. आमच्यात वंश आईकडून धरतात, म्हणून सगळे प्रश्न आईवर. मुलगी तिथेच राहिली. हे बॅग भरून आले.

हे सगळं लोक सांगतात. एझ्रा अंकलना कुणी विचारलं, तिकडे कसं होतं, तर ते एवढंच म्हणतात, "तिकडे संत्री चांगली."

*

मागच्या वर्षी आमचे आजोबा गेले. तेव्हापासून पपांचं सगळं लक्ष शनिवारवर. कादिश त्यांनीच म्हणायचा होता, कारण आजोबांना मुलगा एकच. आजोबांनी जाण्यापूर्वी बाकी काही मागितलं नाही, एवढंच म्हणाले की माझा कादिश बुडवू नकोस. पण त्याच सुमाराला दोन घरं एकदम इस्रायलला गेली आणि ओट्यावर नऊच जोड दिसायला लागले. पपा प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसायचे आणि तसंच मिटायचे. घरी आल्यावर जेवायचे नाहीत.

अशाच एका शनिवारी सगळे दहाव्याची वाट बघत होते. पडद्याआडून आई म्हणाली, "माझ्या चपला धरून दहा होतात की."

एझ्रा अंकल म्हणाले की बायकांच्या चपला पलीकडे असतात.

आई पपांना म्हणाली, पण ऐकू जाईल अशा बेताने, "अंथरुणाला खिळल्यावर त्यांना भरवलं मी, पुसलं मी. तेव्हा कुणी चपला मोजल्या नाहीत."

एझ्रा अंकलनी त्या दिवशी चपला पुन्हा एकदा मोजल्या. नऊच होत्या.

*

मग मोझेस काका आले.

मला आधी त्यांच्या चपलाच दिसल्या. टायरच्या तळाच्या, डावी टाच आतून झिजलेली. म्हणाले, आडनाव चौलकर, रेडिओ दुरुस्त करतो, हल्लीच या बाजूला राहायला आलोय, इथे प्रार्थना होते असं कळलं. आता चौलकर काय, कुणीही असू शकतं. एझ्रा अंकलनी त्यांना ओट्यावरच थांबवून प्रश्न घातले. गाव कुठलं, आजोबा काय करायचे, आमच्या नवसाच्या प्रसादात, मलिद्यात, काय काय घालतात. मोझेस काकांनी चौल सांगितलं. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि बैलाला शनिवारी सुट्टी असायची, हे सांगितलं. मलिद्याला भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि नाव इलियाहू हनाबींचं, आमच्या प्रेषितांचं.

एझ्रा अंकलनी त्यांना आत घेतलं. पपांनी कादिश म्हटला. त्या दिवशी पपा दोनदा भात घेऊन जेवले.

पण संध्याकाळी एझ्रा अंकल मुद्दाम आमच्या घरी आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "मला हा माणूस बरोबर वाटत नाही. एकही उत्तर चुकलं नाही त्याचं. आपल्या माणसाचं एखादं तरी चुकतं."

*

माझ्या वर्गातली लविना जवळच्याच किरोळ गावात राहते. ती ईस्ट इंडियन, म्हणजे मराठी बोलणारे इथले जुने ख्रिस्ती. तिच्या भावाच्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या एका संस्काराच्या, जेवणाला तिने मला बोलावलं. मी नाही म्हणणार होते, पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं, म्हणून गेले.

तिच्या दारात चपलांचा ढीग होता. त्यात टायरच्या तळाच्या, डावी टाच आतून झिजलेल्या.

आत भिंतीवर क्रूस, आणि त्याच्या खाली पाटावर बसून बनियनवर कांदा चिरत होते मोझेस काका. लविना म्हणाली, "हे मोझू अंकल, आमच्या रोझी आंटीचे मिस्टर. दोघं इथेच राहतात."

त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. माझी मान खाली गेली. कुणीतरी माझ्या हातात ताटली दिली. मोझेस काका उठले आणि त्यांनी ती अलगद काढून घेतली.

"हे नको खाऊस. यात डुकराचं आहे," ते म्हणाले. "थांब, तुला अंडं उकडून देतो. माझं भांडं वेगळं असतं."

फळीवर मागे, एका बाजूला, एक ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलेलं होतं. त्यांनी त्यात अंडं उकडलं, सोलून दिलं आणि मी खाईपर्यंत समोर उभे राहिले. मग म्हणाले, "घरी काय सांगायचं ते तुझं तू ठरव, बाळ. खोटं बोल असं मी सांगणार नाही."

*

मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, क्रूस, रोझी आंटी, पातेलं, अंडं. एझ्रा अंकलना कळलं तर पपांनी इतके महिने म्हटलेला कादिश धरायचा की नाही, हेही विचारलं.

आईचे हात थांबले नाहीत. तिने विचारलं, "पपांचे शनिवार किती राहिलेत?"

मी म्हटलं, थोडेच.

"मग तेवढे शनिवार तुला तोंड नाही," आई म्हणाली. "नाहीतरी तू कुठे बोलतेस."

*

एझ्रा अंकलना मी न बोलताच कळलं.

शेवटच्या शनिवारच्या आधीचा शनिवार. कादिश झाला, लोक उठायला लागले, तेवढ्यात एझ्रा अंकलनी पडदा बाजूला केला आणि काठी माझ्याकडे केली.

"ही मुलगी सगळ्यांच्या चपला बघते," ते म्हणाले. "हल्ली एक ठरावीक जोड आला की तोंड फिरवते. रिबका, त्या चपला तू आणखी कुठे पाहिल्यास?"

आईने माझा हात धरला. पपा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या हातातलं पुस्तक अजून मिटलेलं नव्हतं.

"किरोळला, माझ्या घरी," मोझेस काका म्हणाले. "तिला कशाला विचारता? माझी बायको ख्रिस्ती आहे. ती तिच्या चर्चला जाते, मी इथे येतो."

कुणीतरी खुर्ची सरकवली. एझ्रा अंकल जवळ गेले आणि त्यांनी विचारलं, "बायकोचं राहू दे. तुझी आई कोण?"

"माझी आई वारली," मोझेस काका म्हणाले. "तिला विचारायचं होतं तर आधी भेटायला हवं होतं."

ते ओट्यावर गेले, चपला घातल्या आणि निघाले. मला खिडकीतून त्यांची डावी टाच गल्लीच्या तोंडापर्यंत दिसली.

मग पपा बोलले. मोठ्या माणसांसमोर आवाज न चढवणारे आमचे पपा. आताही चढवला नाही. "एझ्राभाऊ, तुम्हाला तिकडे काय विचारलं होतं?"

एझ्रा अंकलनी कुलूप शोधलं. ते त्यांच्या हातातच होतं. मग म्हणाले, "तिकडे संत्री चांगली होती."

*

आणि मग शेवटचा शनिवार.

त्या दिवशी पपांचा कादिश संपायचा होता. ओट्यावर नऊ जोड. लोक पंख्याखाली बसून वाट बघत होते आणि कुणाची वाट बघतोय ते कुणी बोलत नव्हतं. चक्कीसुद्धा चालू झाली. पपांनी पुस्तक उघडलं, मिटलं, उघडलं.

एझ्रा अंकल दारात उभे राहून चपलांकडे बघत होते. मग त्यांनी वाकून आपले बूट चढवले.

"कुठे निघालात?" बेंजामिन अंकलनी विचारलं.

"किरोळला."

"या उन्हात? चालत? अहो, समोर बस आहे, माझा पास घेऊन जा," बेंजामिन अंकल म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

"ठेव," एझ्रा अंकल म्हणाले. "तुझा पास मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे."

ते गेले. बुटांचा आवाज गल्लीतून लांब जात बंद झाला. आम्ही बसून राहिलो. एकदोघांनी घड्याळ बघितलं. आई म्हणाली, या वयात उन्हात पडले बिडले तर. बेंजामिन अंकलना वाटत होतं की ते भांडायलाच गेले आहेत. मलाही तसंच वाटत होतं. एझ्रा अंकलना मी इतक्या वेळा चपला उलट्या करताना बघितलं आहे की ते सरळ काही करतील यावर माझा विश्वास बसत नाही.

पुष्कळ वेळाने गल्लीत बुटांचा आवाज आला. आई उठून उभी राहिली. मी खिडकीला नाक लावलं.

पत्र्याखालून आधी काळे बूट दिसले, पुढे लोखंडी टोपी असलेले. त्यांच्या शेजारी टायरच्या चपला. दोघं सावकाश येत होते.

काठी टायरच्या चपलांबरोबर चालत होती.

मी पुन्हा बघितलं. डावी टाच आतून झिजलेली. त्या चपलेत उन्हात चालून सुजलेला, पांढरा, म्हातारा पाय. आणि लोखंडी टोपीच्या बुटात चालणाऱ्या पायांना ते बूट थोडे मोठे होत होते.

ओट्यावर दोघांनी आपापल्या पायातलं काढून रांगेत ठेवलं. एझ्रा अंकल दारात उभे राहिले. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची काठी हवेत फिरली. एकही चप्पल त्यांनी उलटी केली नाही.

"भरल्या," ते म्हणाले. "म्हण."

पपांनी कादिश म्हटला. आवाज मधे एकदा अडला, पण पुरा म्हटला. आमेन म्हणताना पडद्याच्या अलीकडून आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि कुणी तिला काही म्हटलं नाही.

प्रार्थनेनंतर लोक पांगले. मी बाहेर खिडकीपाशी थांबले. मला वाटलं, आता तरी चपला बदलतील. एझ्रा अंकलनी कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. मग खाली न बघता त्यांनी टायरच्या चपलांत पाय सरकवले आणि काठी टेकत घरच्या रस्त्याला लागले.

मोझेस काका ते वळेपर्यंत उभे होते. मग पायरीवर बसले आणि त्या बुटांच्या नाड्या बांधायला लागले.